हळहळ, खळबळ, घबराट

तालुक्याच्या गावाहून आलेली अपघाताची बातमी कोणत्याही मराठी दैनिकात उघडा, शेवटचे वाक्य न वाचताच सांगता येते: ‘या घटनेने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ घरफोडी असेल तर ‘एकच खळबळ उडाली आहे’. उसाच्या फडात बिबट्या दिसला असेल तर ‘भीतीचे वातावरण’. लाचलुचपतवाल्यांनी एखाद्या तलाठ्याला पकडले असेल तर बाकीच्यांचे ‘धाबे दणाणले’. बंधारा फुटला, पूल खचला, सरकारी दवाखान्यात डॉक्टर जागेवर नव्हते, तर ‘तीव्र संताप’. आणि पक्षाने कोणाचे तिकीट कापले तर ‘नाराजीचा सूर’. साचा इतका पक्का आहे की वाचणाऱ्याला तो दिसत नाही आणि लिहिणाऱ्याला त्याच्याशिवाय बातमी पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

पुढील पानांत मराठी वृत्तपत्रांतल्या अशा शब्दांचा आणि वाक्प्रयोगांचा संग्रह आहे. संग्राहकांनी त्यांचे दोन गट केले आहेत, एक अपेक्षाभंगाचा आणि दुसरा धोक्याचा. ‘हिरमोड’, ‘नाराजी’, ‘स्वप्नभंग’, ‘तोंडाला पाने पुसली’, ‘वाटाण्याच्या अक्षता’ एकीकडे. ‘सावट’, ‘टांगती तलवार’, ‘घबराट’, ‘थरकाप’, ‘झोप उडाली’ दुसरीकडे. विभागणी मला पटते. तिच्यामागचे कारण मात्र संग्रहात कुठे सांगितलेले नाही, म्हणून ते इथे मांडतो.

निराशेचा शब्द मागे बघतो. कोणीतरी काहीतरी मिळेल असे धरून चालले होते आणि ते मिळाले नाही, एवढे सगळे त्या एका शब्दात गृहीत असते. धोक्याचा शब्द पुढे बघतो. काहीतरी होणार आहे, ते वाईट असणार आहे आणि त्याची शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही, असा दावा त्यात असतो. म्हणजे पहिल्याच्या पोटात एक जुना हिशेब असतो, दुसऱ्याच्या पोटात एक अंदाज. वाचकाच्या कामाचे हेच दोन असतात. कोणी काय कबूल केले होते, कशाची शक्यता किती आहे, कोणाला आहे? बातमी बहुतेक वेळा हिशेब आणि अंदाज दोन्ही गाळते आणि उरलेली भावना तेवढी हातात ठेवते.

क्रीडा पानावर हिशेब उघडा असतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, तो सलग १० सामने जिंकून आल्यावर. दुसऱ्या दिवशी ‘स्वप्नभंग’ वाचून ‘कोणाचे स्वप्न?’ असे कोणी विचारले नाही, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दीड महिना वाढले होते. अर्थसंकल्पाच्या पानावर तसे नसते. रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जाई तोवर वर्षातून एक दिवस महाराष्ट्राच्या तोंडाला पाने पुसली जाणार हे ठरलेले असे. मराठवाड्याला वेगळी, कोकणाला वेगळी, विदर्भाला वेगळी पाने. अमुक मार्गाचे सर्वेक्षण कधी मंजूर झाले, मागच्या वर्षी त्याला किती पैसे दिले, त्यातले किती खर्च झाले, ही चौकट शेजारी असती तर त्या निराशेला आधार मिळाला असता. चौकट असलीच तर आतल्या पानावर. २०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प मुख्य अर्थसंकल्पात मिळवला गेला आणि मराठी वृत्तपत्रांचा निराशेचा एक हक्काचा दिवस बुडाला.

आता वाक्याकडे पाहू. ‘हळहळ व्यक्त होत आहे’ यात हळहळणारा कोण? ‘संताप व्यक्त होत आहे’ यात संतापले कोण? ‘उलटसुलट चर्चा सुरू आहे’, ‘नाराजीचा सूर उमटत आहे’, ‘असे बोलले जात आहे’ या सगळ्यांतून माणूस गायब आहे. ‘परिसर’ हा मराठी पत्रकारितेतला सर्वांत हळवा जीव असावा. त्याला हळहळ वाटते, त्याच्यात खळबळ उडते, तो शोकाकुल होतो, तो हादरतो. त्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या बाईला किंवा बाप्याला मात्र बातमीत तोंड उघडायला मिळत नाही.

याला आळस म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे. तालुक्याचा वार्ताहर त्याच गावात राहतो. मानधन नावापुरते, शिवाय दिवाळीला पुरवणीच्या जाहिराती गोळा करायच्या त्या त्यानेच. पुलाच्या कामाबद्दल कोण काय बोलले हे नावानिशी छापले तर बोलणाऱ्याचीही पंचाईत आणि छापणाऱ्याचीही, कारण ठेकेदार, सरपंच आणि जाहिरातदार ही कधी कधी एकाच घरातली माणसे असतात. ‘संताप व्यक्त होत आहे’ हे वाक्य त्याला दोन्हीकडून सांभाळून घेते. संताप छापून येतो आणि संतापलेला माणूस सुरक्षित राहतो. शहरातल्या डेस्कवर बसून या वाक्याला हसताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

डेस्कचाही यात वाटा आहे. एका कॉलमाच्या मथळ्यात मावेल असा शब्द उपसंपादकाला हवा असतो. ‘चिंता’, ‘धक्का’, ‘संताप’, ‘हळहळ’, ‘खळबळ’ हे दोन ते चार अक्षरांचे शब्द कुठेही बसतात. ‘अस्वस्थता’ बसवताना ओढाताण होते, ‘अपेक्षाभंग’ तुटून दुसऱ्या ओळीवर जातो, आणि ‘थोडी काळजी वाटते पण अजून काही ठरलेले नाही’ ही खरी मनःस्थिती तर कोणत्याच कॉलमात मावत नाही. खिळे गेले, संगणक आले, आता मोबाइलचा पडदा आला, पण अरुंद जागेचा जाच तसाच आहे. महाराष्ट्राने कोणत्या प्रसंगी काय वाटून घ्यावे हे थोडेफार कॉलमाच्या रुंदीने ठरवले, असे मी म्हणतो तेव्हा तरुण सहकारी हसतात. हसोत.

या शब्दांना एके काळी किंमत मोजावी लागे, आणि ती सश्रम कारावासात. १८९७ साली, पुण्यात प्लेगचा आणि प्लेगबंदोबस्ताचा कहर चालू असताना, ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. कायद्याने सरकारविषयी अप्रीती पसरवणे हा गुन्हा ठरवला होता. आणि न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. या व्याख्येपुढे कोणता संपादक टिकणार? टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन स्पष्टीकरणे जोडली गेली: सरकारच्या कृत्यांबद्दल नापसंती दाखवा, पण तिने द्वेष किंवा अप्रीती चेतवता कामा नये. नाराजीच्या दोन छटांमधली रेघ अशी दंडसंहितेत ओढली गेली आणि तिच्या कोणत्या बाजूला आपण आहोत हे अग्रलेख लिहिणाऱ्याने रोज ताडायचे होते. १९०८ च्या मे महिन्यात, मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर, ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख आला. मथळ्यात विषाद आहे, धमकी नाही. त्यावरच्या आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखावरच्या खटल्यात टिळक ज्यूरीपुढे स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यातला बराच वेळ आपल्या मराठी शब्दांचे सरकारी भाषांतर कसे भडक केले आहे हे दाखवण्यात गेला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे मंडालेत गेली.

व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मध्ये आपल्या पुस्तकात टिळकांना असंतोषाचे जनक ठरवले, ते सावधगिरीचा इशारा म्हणून. आपण तीच पदवी पुतळ्याखाली कोरली. एकाच्या धोक्याचा शब्द दुसऱ्याच्या गौरवाचा झाला. त्या पिढीत एक गोष्ट निर्विवाद होती: असंतोष कोणाचा हे माहीत होते. अग्रलेखाखाली नाव नसले तरी संपादकाचे डोके त्याला जामीन होते. आजचा ‘संताप व्यक्त होत आहे’ कोणाच्याच डोक्यावर नसतो.

धोक्याच्या शब्दांबाबत ‘कोणाला?’ हा प्रश्न सर्वांत महाग पडतो. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ घ्या. हवामान खात्याने आधीच सांगितले होते की वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास किनाऱ्याला धडकेल. मुंबईच्या बातम्यांत पोचेपर्यंत हा पट्टा आक्रसला आणि धोका मुख्यतः मुंबईचा झाला. वाहिन्यांचे कॅमेरे मरीन ड्राइव्हवर, गेटवेवर, वरळीला. दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढले, ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने, झोत १२० पर्यंत. संध्याकाळी मुंबईने सुस्कारा सोडला. संकट टळले, थोडक्यात निभावले, असा सूर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला.

त्याच वेळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीत छपरांवरचे पत्रे आणि कौले शेजारच्या आवारात पडली होती. विजेचे खांब वाकलेले, मोबाइलचे मनोरे मुके, रस्त्यांवर झाडे आडवी. नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. श्रीवर्धनी रोठा ही तिथली नावाजलेली सुपारी. पोफळ लावल्यावर हाताशी उत्पन्न यायला कित्येक वर्षे जातात, त्यामुळे त्या दुपारी गेले ते एका हंगामाचे पीक नव्हते. आंब्या-फणसाची जुनी झाडे गेली त्यांचा तर हिशेब पिढ्यांत करावा लागतो. ही बातमी मुंबईला उशिरा पोचली, कारण ती पाठवणाऱ्याकडे वीज नव्हती आणि रेंजही नव्हती. पुढे कोकणाच्या नुकसानीवर भरपूर छापून आले, पथके आली, पाहण्या झाल्या. पण घबराटीचे शब्द तोवर खर्च झाले होते. वादळाआधी ते मुंबईसाठी वापरले गेले आणि वादळानंतर कोकणाच्या वाट्याला ‘फटका’ हा शब्द आला, जो आपण पेट्रोल दोन रुपयांनी वाढल्यावरही वापरतो.

कांद्याचे रडणे तर जगजाहीर. भाव चढला की मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत कांदा गृहिणींच्या डोळ्यांत पाणी आणतो. भाव पडला की नाशिकच्या आवृत्तीत तोच कांदा शेतकऱ्याला रडवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. एकच निर्णय लासलगावच्या आवारात ‘संताप’ होता आणि शहरात ‘दिलासा’. वृत्तपत्र एकच असेल तर मुख्य कचेरीत कोणाला तरी हे दोन्ही मथळे एका रात्री मंजूर करावे लागतात. त्यात खोटे काहीच नाही. फक्त दोन्ही वाचक एकमेकांचे पान कधी बघत नाहीत.

दुष्काळाच्या शब्दांकडे संग्रहात चार-पाचच पाने आहेत. मला ती कमी वाटली. इथे धोक्याच्या शब्दाला सरकारी अर्थ आहे आणि त्याच्याशी पैसा बांधलेला आहे. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर शेतसाऱ्याची सूट, वीजबिल, परीक्षा शुल्क अवलंबून. म्हणून मंत्रालयाची भाषा पायऱ्यापायऱ्यांनी उतरते: टंचाई, टंचाईसदृश, दुष्काळसदृश, आणि नाइलाजच झाला तर दुष्काळ. २०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती जाहीर झाली आणि आठवड्याभरात १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. मधल्या आठवड्यात शेतात काही बदलले नव्हते, बदलला तो एक प्रत्यय. भारतीय हवामान खात्याने तर २०१६ मध्ये आपल्या शब्दावलीतून दुष्काळ हा शब्दच काढला; आता ते पावसाची ‘तूट’ सांगतात. शास्त्रदृष्ट्या त्यांचे चूक नाही. पाऊस मोजणे त्यांचे काम, दुष्काळ ठरवणे राज्य सरकारचे. पण ‘सदृश’ हा शब्द जसाच्या तसा मथळ्यात उचलणारा उपसंपादक नकळत तिजोरीची बाजू घेत असतो, आणि ‘भीषण दुष्काळ’ लिहिणारा दुसरी. दोघांनी पैसेवारीचा आकडा दिला तर भांडण तरी नीट होईल.

आकड्यांनी शब्दाला ताळ्यावर आणता येते, पण आकडाही नीट निवडावा लागतो. हवामान खात्याच्या लेखी चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरला मुसळधार सुरू होते, ११५.६ ला अति मुसळधार, २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. नुसते ‘मुंबईत मुसळधार’ दोन्हीकडे खरेच होते. शेअर बाजाराचे उलटे. तिथे आकडाच घाबरवतो. ४ जून २०२४ ला सेन्सेक्स ४,३९० अंशांनी पडला आणि ‘ऐतिहासिक’ हे विशेषण सढळ हाताने वाटले गेले. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरण फुटल्यावर, तो ५७० अंशांनी पडला होता. अंशांत पाहिले तर जवळपास आठवा हिस्सा. टक्क्यांत पाहिले तर १९९२ ची पडझड पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास आणि २०२४ ची पावणेसहाच्या.

काही शब्द उलट्या कामासाठी घडवलेले असतात, भीती वाढू नये म्हणून. ‘तणावपूर्ण शांतता’ हा त्यांतला मुकुटमणी. दंगलीच्या बातमीत जमातींची नावे टाळून ‘दोन गट’ म्हणायचे, प्रार्थनास्थळ कोणाचे ते सांगायचे नाही, ‘परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात’ असे लिहायचे, ही शिस्त मराठी डेस्कवर अनेक वर्षे रुजली. वाचकही तयार झाला. गल्लीचे नाव वाचून तो दोन्ही गट ओळखतो. तरीही ही शिस्त मला प्रिय आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींत काही वृत्तपत्रांनी ती सोडली होती, आणि त्या लिखाणाची दखल श्रीकृष्ण आयोगाला घ्यावी लागली. संग्राहकांनी ‘तणावपूर्ण शांतता’ विनोदी प्रयोगांत टाकली आहे. मी ती तिथून काढली असती.

एका शब्दाबद्दल मात्र मला रागच आहे. आत्महत्येच्या बातमीतला ‘कंटाळून’. ‘कर्जाला कंटाळून’, ‘आजारपणाला कंटाळून’, ‘जीवनाला कंटाळून’. कंटाळा रटाळ भाषणाचा येतो. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याच्या जोडीला ठरलेली कारणे असतात: नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा. ती बहुधा त्याच क्रमाने येतात, कारण कुटुंबाला एक लाख रुपयांच्या मदतीस पात्र ठरवताना सरकारी समिती हीच कारणे तपासते. वार्ताहर फॉर्म उतरवून घेतो आणि माणूस फॉर्मात बसतो. शहरात त्याच जागी ‘नैराश्यातून’ येते. नैराश्य हा आजार आहे, त्याचे निदान डॉक्टर करतात. इथे ते पोलीस ठाण्यात संध्याकाळपर्यंत झालेले असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली: मथळा भडक नको, पद्धतीचे वर्णन नको, एकच कारण चिकटवणे नको, मदतवाहिनीचा क्रमांक द्या. क्रमांक आता बऱ्याच ठिकाणी छापला जातो. ‘कंटाळून’ही छापला जातोच, बहुतेक वेळा क्रमांकाच्या वरच.

वाहिन्यांचा या संग्रहात समावेश नाही, आणि ते योग्यच झाले. तिथे शब्दापेक्षा पार्श्वसंगीत आणि पट्टीचा लाल रंग जास्त बोलतात. त्यांचा अभ्यास कागदावर होणार नाही.

जाता जाता संग्रहातल्या एका नोंदीकडे लक्ष वेधतो. ‘दुबार पेरणीचे संकट’. हा प्रयोग डेस्कवर जन्मलेला नाही, तो बांधावरून आला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दर जूनमध्ये सांगते. पहिल्या सरींना भुलून, किंवा मृग साधायचा म्हणून, कोणी सोयाबीन टाकतो. मग पाऊस दोन-तीन आठवडे दडी मारतो, उगवण करपते, आणि बियाणे, खत, पेरणीची मजुरी यांचा खर्च पुन्हा करायची वेळ येते. मागचा हिशेब आणि पुढचा अंदाज, दोन्ही या तीन शब्दांत आहेत, आणि संकट कोणावर हेही. त्या बातमीला ‘बळीराजा चिंतेत’ असा मथळा देण्याची गरज नसते. तेवढ्याच जागेत बियाण्याच्या पिशवीचा भाव मावतो.